परीक्षकांनी एकदा चुकीचं बटण दाबावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले पंधरा दिवस आपला अंक निकालांनी आणि प्रवेशाच्या जाहिरातींनी भरून येतोय. आमच्याकडे मिरगाचा पाऊस आणि कॉम्प्युटर डिप्लोमाच्या जाहिराती एकाच सुमाराला पडायला लागतात. त्या वाचून जी मुलं प्रवेश घेतील, ती दोन-चार महिन्यांत सी या प्रोग्राम लिहायच्या भाषेतला आपला पहिला प्रोग्राम लिहितील, म्हणून हे पत्र आत्ताच पाठवते. विषय तुमच्या पानाला जरा कोरडा वाटेल: कीबोर्डवरून माणूस जे टाइप करतो ते प्रोग्रामने नीट कसं घ्यावं, एवढाच. पण यंदा याच एवढ्याशा गोष्टीपायी आमच्या घरात आंब्याचा हिशेब बुडाला आणि भाच्याचे मार्कही.

माझ्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर ही बाई मध्येच कुठून आली असं वाटेल. 1987 ते 2022 अशी पस्तीस वर्षं मी एका बँकेत काढली, त्यातली बरीचशी काउंटरच्या जाळीमागे, रोखपाल म्हणून. 1996 साली बँकेत संगणक येणार म्हणून आम्हा चौघांना कणकवलीला क्लासला धाडलं होतं. तिथे निळ्या पडद्याच्या टर्बो सी या कंपायलरवर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनावर) मी सी शिकले. बँकेत त्याचा उपयोग काडीइतका झाला नाही, कारण सॉफ्टवेअर तयारच आलं. पण भाषा डोक्यात राहिली, आणि निवृत्तीनंतर भाचा डिप्लोमाला गेल्यावर पुन्हा बाहेर निघाली.

भावाची देवगड तालुक्यात आंब्याची कलमं आहेत. सीझनमध्ये आजूबाजूचे पाच-सहा बागायतदार त्याच्याच टेम्पोने वाशीला माल पाठवतात. कोणाच्या किती पेट्या गेल्या, काय भाव धरला, हे सगळं वहीत. भाच्याने ठरवलं की बाबांना प्रोग्राम करून द्यायचा. बागायतदाराचं नाव विचारायचं, पेट्या विचारायच्या, भाव विचारायचा, मग 'अजून कोण आहे का, वाय की एन' असं विचारून पुढच्याकडे जायचं. कॉलेजच्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत, जसे प्रोग्राम आहेत अगदी तसाच त्याने तो लिहिला. कॉलेजच्या लॅबमध्ये चालवून बघितला. सुरेख चालला.

एप्रिलच्या अखेरीस एका संध्याकाळी मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, पेट्या भरायचं काम चाललं होतं. भाताच्या पेंढ्याचा नि पिकत्या आंब्याचा वास, डोक्यावर एकच बल्ब. भाचा जुना लॅपटॉप घेऊन आला. त्यावर कोणीतरी विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घालून दिलेली आहे. भाऊ खुर्ची ओढून बसला, 'नाव टाका' असं आल्यावर त्याने आपलं नाव आणि आडनाव टाइप केलं आणि एंटर मारलं. त्याबरोबर पडदा धावायला लागला. 'पेट्या 1 ते 500 मध्ये टाका, पेट्या 1 ते 500 मध्ये टाका', ओळीवर ओळ, थांबायचं नाव नाही. कीबोर्डला कोणी हातही लावत नव्हतं.

"गो आते, प्रोग्राम पिसाळलो!" भाचा ओरडला. भाऊ हात वर करून बसलेला. "मिया काय वाईट केलंय? माझा नाव लिवलंय नुसता."

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. या वेळी त्याने नुसतं नाव टाकलं, आडनाव नाही. पेट्या घेतल्या, भाव घेतला, 'अजून कोण आहे का' असं पडद्यावर आलं आणि उत्तराची वाट न बघता प्रोग्राम संपला. भाऊ उठला, वही काढली आणि कानावरची पेन्सिल हातात घेतली. त्या दिवशीपुरता संगणक संपला.

रात्री जेवणं झाल्यावर भाचा आणि मी कागद घेऊन बसलो. मला जे कळत होतं ते काउंटरच्या भाषेत कळत होतं, म्हणून तसंच सांगते.

कीबोर्डवर बोट पडलं की अक्षर लगेच प्रोग्रामला मिळतं, असा मुलांचा समज असतो. तसं होत नाही. तुम्ही टाइप करता, खोडता, पुन्हा टाइप करता. हे सगळं खिडकीच्या बाहेर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात चाललेलं असतं. एंटर मारलं की अख्खी ओळ खिडकीतून आत सरकते, शेवटच्या एंटरसकट. ते एंटर हेही एक अक्षरच असतं. स्लिप आत आली, ती ट्रेमध्ये पडली. आता स्कॅनएफ नावाचा कारकून (सी भाषेतली माहिती आत घ्यायची आज्ञा) तिच्यातून आपल्याला हवा तेवढाच तुकडा फाडून घेतो आणि उरलेला ट्रेमध्येच ठेवतो. पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं की तो आधी ट्रेमध्ये हात घालतो. तिथे जुना तुकडा सापडला तर नव्या माणसाकडे बघतसुद्धा नाही.

आता भावाचं नाव घ्या. स्कॅनएफला 'पर्सेंट एस' सांगितलं की तो एक शब्द घेतो, जागा दिसली की थांबतो. त्याने नाव घेतलं, आडनाव ट्रेमध्ये राहिलं. पुढे पेट्यांसाठी 'पर्सेंट डी'. त्याला आकडा हवा. ट्रेमध्ये पहिलंच अक्षर आमच्या आडनावाचं 'पी'. आकडा नाही म्हणून त्याने ते घेतलं नाही, आणि टाकूनही दिलं नाही. जिथल्या तिथे ठेवलं. पेट्यांच्या चलात, म्हणजे आकडा ठेवायच्या डब्यात, सुरुवातीला शून्य घातलेलं होतं ते शून्यच राहिलं. शून्य 1 ते 500 मध्ये बसत नाही, म्हणून प्रोग्रामने पुन्हा विचारलं. पुन्हा ट्रेमध्ये हात, पुन्हा तोच 'पी'. सेकंदाला हजारो वेळा हेच. भाऊ समोर बसून आकडा टाकायला तयार होता, पण त्याला कोणी विचारत होतं कुठे?

दुसरा घोळ त्याहून मजेदार आहे आणि सी शिकणारा प्रत्येक जण त्यात एकदा तरी पडतो. पेटीच्या भावाचा आकडा घेऊन झाल्यावर ट्रेमध्ये फक्त एंटर उरलं. 'पर्सेंट डी' हा आकड्याच्या आधीच्या जागा, टॅब, एंटर सगळं ओलांडून जातो, म्हणून पेट्यांच्या मागे भाव विचारताना काही बिघडलं नव्हतं. पण 'पर्सेंट सी' ओलांडत नाही. त्याला कुठलंही एक अक्षर चालतं, एंटरसुद्धा. त्याने ते उचललं, प्रोग्रामने बघितलं, हे काही 'वाय' नाही, आणि दुकान बंद केलं.

भाचा म्हणाला, "पण आते, लॅबमध्ये तर चाललेला."

लॅबमध्ये चालला त्याचं कारण जर्नलमधली एक ओळ. वाय-एन विचारायच्या आधी 'एफफ्लश, कंसात एसटीडीइन' (एसटीडीइन म्हणजे कीबोर्डकडून आत येणारा मजकूर) लिहायचं, असं मुलांना मंत्रासारखं शिकवतात. शेंदूर लावलेल्या दगडासारखं, का ते कोणी विचारत नाही. एफफ्लश हे फंक्शन बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी आहे, म्हणजे पडद्याकडे किंवा फाइलकडे जायचं जे थांबून राहिलंय ते ढकलण्यासाठी. आत येणाऱ्या मजकुरावर ते वापरलं तर काय व्हावं, हे सी भाषेच्या मानकात ठरवलेलंच नाही. काही जुन्या कंपायलरनी आपल्या मर्जीने ट्रे रिकामी करायची सोय ठेवली होती, टर्बो सी त्यातलाच. लिनक्सवर कीबोर्डच्या बाबतीत त्या ओळीने काहीही होत नाही. लॅबमध्ये तीस वर्षांपूर्वीचा टर्बो सी आजही डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या यंत्रावर जुने प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बसवून चालवतात, म्हणून तिथे मंत्र लागू पडतो आणि मांगरात पडत नाही.

यावर स्वस्त इलाज एक आहे: 'पर्सेंट सी'च्या आधी, अवतरणचिन्हाच्या आत, एक जागा सोडायची. त्या जागेचा अर्थ, आधी जेवढ्या रिकाम्या जागा आणि एंटर असतील ते ओलांड. कुठल्याही कंपायलरवर चालतं. पण हीच जागा, किंवा बॅकस्लॅश एन (नव्या ओळीची खूण), 'पर्सेंट डी'च्या नंतर टाकली की उलटा खेळ. आकडा देऊन एंटर मारलं तरी प्रोग्राम ढिम्म. तो पुढचं काहीतरी जागा नसलेलं अक्षर येईपर्यंत ओलांडतच बसतो. पडद्यावर लिहिणाऱ्या प्रिंटएफमध्ये बॅकस्लॅश एन लावायची सवय झालेली मुलं हटकून स्कॅनएफमध्येही लावतात आणि मग 'मॅडम, दोनदा आकडा द्यावा लागतो' म्हणून शिकवणाऱ्यांकडे येतात. कणकवलीच्या क्लासमध्ये मी स्वतः हे केलं होतं आणि दोन दिवस कीबोर्ड खराब आहे असं समजत होते.

भाच्याला मी सांगितलं, हे ठिगळ सोड. आम्ही काउंटरवर कधी अर्धी स्लिप घ्यायचो का? आधी पूर्ण स्लिप हातात घ्यायची. मग वाचायची. अंकी रक्कम आणि अक्षरी रक्कम जुळते का बघायची. नाही जुळली तर तीच स्लिप गिऱ्हाइकाला परत, 'नवीन भरून आणा'. ट्रेमध्ये काही शिल्लक ठेवायचं नाही. सी भाषेत यासाठी एफगेट्स आहे. ते अख्खी ओळ घेतं, जागांसकट, आडनावासकट, एंटरसकट. आणि आपल्या डब्यात किती अक्षरं मावतात ते त्याला आधीच सांगावं लागतं. वीस सांगितलं तर एकोणीसच घेतं, विसावी जागा मजकूर संपला हे सांगणाऱ्या शून्यासाठी.

भाच्याने लगेच एफगेट्स लिहिलं, पण पेट्यांचं स्कॅनएफ तसंच ठेवलं. झालं! दुसऱ्या बागायतदाराचं नाव विचारताना एफगेट्स थांबायलाच तयार नाही. आधीच्या स्कॅनएफने सोडलेलं एंटर त्याला मिळालं, त्याच्या दृष्टीने ती एक रिकामी ओळ. दोन्ही कारकून एकाच ट्रेवर बसवायचे नाहीत. सगळं एफगेट्सनेच घ्यायचं, आकडेसुद्धा, आणि आकडा ओळीतून नंतर काढायचा.

आकडा काढायला मुलं एटूआय वापरतात. ते सोपं आहे आणि म्हणूनच वाईट आहे. 'एबीसी' दिलं तरी शून्य देतं आणि खरोखरचं शून्य दिलं तरी शून्यच. पेट्या शून्य गेल्या की बोट चुकलं, कळायला मार्ग नाही. त्यापेक्षा स्ट्रटोल. हे आकडा वाचतं आणि वाचताना जिथे थांबलं तिथे बोट ठेवून परत देतं. मला हे फंक्शन आवडतं, कारण नोटा मोजताना आम्ही हेच करायचो. बोट पहिल्याच अक्षरावर असेल तर आकडा मुळीच नव्हता. बोट 'पी'वर असेल तर माणसाने '12पी' लिहिलंय. बोट शेवटच्या एंटरवर असेल तर ठीक.

इथे एक गोष्ट मला स्वतःला दाखवावीशी वाटली, म्हणून भाच्याला जुना प्रोग्राम पुन्हा चालवायला लावला आणि पेटीचा भाव विचारल्यावर मी टाइप केलं: एक, स्वल्पविराम, पंचवीस, स्वल्पविराम, तीन शून्यं. सव्वा लाख. बँकेत पस्तीस वर्षं मी रक्कम अशीच लिहिली, आपल्याकडे कोणीही अशीच लिहील. 'पर्सेंट डी'ने पहिला एक घेतला, स्वल्पविराम दिसल्यावर थांबला. सव्वा लाखाचा झाला एक रुपया. तक्रार नाही, इशारा नाही. ही चूक काउंटरवर माझ्या हातून झाली असती तर दिवसाच्या शेवटी रोख जुळेपर्यंत मी घरी गेले नसते.

आणि टर्बो सीबद्दल बोलतच आहे तर हेही. त्यात इंट, म्हणजे पूर्ण आकडा ठेवायचा डबा, दोन बाइटचं असतं, 32767 च्या पुढे जात नाही. 16 पेट्या, अडीच हजारांचा भाव, गुणाकार चाळीस हजार. लॅबमधल्या यंत्रावर उत्तर येतं उणे 25536. म्हणजे आंबे आमचे, आणि वर वाशीच्या दलालाला पैसेही आम्हीच द्यायचे. भाच्याने लॅबमध्ये नेहमी तीन पेट्या आणि शंभर रुपये भाव टाकून बघितला होता, म्हणून त्याला हे दिसलंच नाही.

नावांचंही एक आहे. लॅपटॉपवर भावाने हौसेने मराठीत नाव टाकून बघितलं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या संगणकात साठवायच्या पद्धतीत, तिच्या यूटीएफ-8 प्रकारात, देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलंत ही सगळी वेगळी चिन्हं. 'रत्नागिरी' हा शब्द आपल्याला चार-पाच अक्षरांचा वाटतो. तिथे तो नऊ चिन्हांचा, म्हणजे 27 बाइटचा. वीसच्या डब्यात त्यातलं 'रत्नाग' मावतं आणि पुढच्या वेलांटीचा एक तुकडा, जो पडद्यावर प्रश्नचिन्ह होऊन बसतो. वेलांटीचा उरलेला तुकडा आणि 'री' ट्रेमध्ये, पुढच्या प्रश्नाचं उत्तर बनून. म्हणून डबा दोनशेचा घ्यावा. आणि ओळीच्या शेवटी एंटर सापडलं नाही तर ओळ डब्यापेक्षा मोठी होती असं समजून उरलेली ओळ गेटचारने (एका वेळी एकच अक्षर घेणारं फंक्शन) एकेक अक्षर काढून टाकावी. हे गेटचार जे देतं ते इंटमध्ये ठेवायचं, कॅरेक्टरमध्ये, म्हणजे एका अक्षराच्या डब्यात, नाही. कारण ओळी संपल्या हे सांगायला ते अक्षरांपलीकडची एक उणे किंमत देतं. लॅपटॉप नसलेली कितीतरी मुलं आज मोबाईलवरच सी शिकतात, आणि मोबाईलच्या चिपवर कॅरेक्टरमध्ये बऱ्याचदा उणे आकडा मावतच नाही. तिथे तो शेवट कधी ओळखूच येणार नाही आणि प्रोग्राम पुन्हा पिसाळणार.

हे सगळं त्याने एका फंक्शनमध्ये बसवलं, पंचवीसेक ओळी झाल्या. नाव विचारायचं असो की पेट्या, तेच एक फंक्शन.

आता तक्रार. मेच्या पहिल्या आठवड्यात भाच्याची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. त्याला आलेला प्रश्न जवळपास असाच होता: विद्यार्थ्याचं नाव आणि तीन विषयांचे गुण घ्या, सरासरी काढा. त्याने एफगेट्स आणि स्ट्रटोलने लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बघितलं आणि विचारलं, हे जर्नलमध्ये कुठे आहे? त्याने कारण सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, एवढं लांबवायची गरज नव्हती. शेजारच्या मुलाने स्कॅनएफ आणि एफफ्लश लिहिलं होतं. त्याला 25 पैकी 22, आमच्याला 14. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण मला ठाऊक आहे की हे एका कॉलेजापुरतं नाही. दिवसाला इतकी मुलं तपासायची म्हणजे त्या परीक्षकांचंही डोकं किती चालणार, हेही मला समजतं. मार्कांचं दुःख भाच्यापेक्षा त्याच्या आईला जास्त झालं.

मला खटकलं ते वेगळंच. अख्ख्या बॅचमध्ये परीक्षकांनी कोणाच्याही कीबोर्डला हात लावला नाही. प्रोग्राम मुलानेच लिहायचा, आणि चालवून दाखवताना माहितीही मुलानेच टाकायची. मग तो एक शब्दाचं नाव टाकणार, सत्तर-ऐंशी-नव्वद टाकणार, आउटपुट येणार, सही होणार. हे म्हणजे गाडी शिकवताना बंदराच्या मोकळ्या मैदानात सरळ रेषेत चालवून घ्यायची आणि करूळ घाटात सोडून द्यायचं.

त्याच जर्नलमध्ये नाव घेण्यासाठी एका ठिकाणी गेट्स वापरलेलं आहे. एफगेट्स नाही, नुसतं गेट्स. याला डब्याचं माप सांगायची सोयच नाही, जेवढं येईल तेवढं ओततं, डबा भरला की शेजारच्या सामानावर. 2 नोव्हेंबर 1988 ला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला किडा, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटवर पसरला. तो ज्या वाटांनी शिरला त्यातली एक हीच होती. फिंगर नावाच्या सेवेच्या प्रोग्रामने 512 बाइटच्या डब्यात गेट्सने ओळ घेतली होती, त्याने मुद्दाम मोठी ओळ पाठवली. त्या वर्षी मी बँकेत नवी होते, शाईच्या पेनाने खतावणी लिहीत होते. पुढे 2011 च्या मानकातून गेट्स काढूनच टाकलं. भाच्याच्या लॅपटॉपवर ते वापरलं तर कंपायलर इशारा देतो की हे धोकादायक आहे, वापरू नका. जर्नलमध्ये मात्र ते अजून आहे, कारण जर्नल गेल्या वर्षीच्या जर्नलवरून, ते त्याच्या आधीच्यावरून.

कोणी म्हणेल, पहिल्या वर्षाच्या पोरांना एवढं कशाला, आधी भाषा तर येऊ दे. हे मलाही थोडं पटतं. पहिल्याच दिवशी स्ट्रटोलचं बोट दाखवायची गरज नाही. पण स्कॅनएफ शिकवतानाच त्याच दिवशी एक वाक्य सांगता येतं: स्कॅनएफ आपल्याला किती गोष्टी मिळाल्या तो आकडा परत देतो, तो बघा. एक मागितली आणि एक मिळाली तर पुढे जा. शून्य आलं तर माणसाने भलतंच टाइप केलंय. उणे आलं तर माणूस उठून गेलाय, लिनक्सवर कंट्रोल-डी किंवा विंडोजवर कंट्रोल-झेड दाबून, तेव्हा पुन्हापुन्हा विचारत बसू नका. या एका इफने, म्हणजे 'जर'च्या ओळीने, भावाचा पडदा त्या संध्याकाळी धावला नसता. निदान थांबून 'चुकलं' म्हणाला असता. जर्नलमधले स्कॅनएफ मी मोजले, सदतीस आहेत. परत आलेला आकडा एकाही ठिकाणी तपासलेला नाही.

म्हणून जी मंडळी ही जर्नलं बनवतात आणि प्रॅक्टिकलला बसतात, त्यातलं कोणी आपला अंक वाचत असेल तर त्यांना विनंती. अभ्यासक्रम बदला, टर्बो सी फेका, असं मी म्हणत नाही. ते व्हायला काय वेळ लागतो ते मी सरकारी परिपत्रकं वाचत काढलेल्या आयुष्यावरून जाणते. फक्त एवढं करा की प्रोग्राम चालवताना एकदा मुलाला बाजूला उभं करा आणि स्वतः टाइप करा. नावाच्या जागी नाव-आडनाव. गुणांच्या जागी 'अॅब', गैरहजर मुलाचं लिहितात तसं. एकदा नुसतंच एंटर. एकदा स्वल्पविराम घालून रक्कम. यातलं सगळं प्रोग्रामला झेपलंच पाहिजे असं नाही, पण तो पिसाळू नये, आणि गप्प राहून चुकीचा हिशेब देऊ नये. त्यासाठी पंचवीसपैकी पाच मार्क ठेवा. पुढच्या वर्षीचं जर्नल आपोआप सुधारेल, मार्कांपुढे आपल्याकडे बाकी कशाचंच चालत नाही.

भाच्याच्या प्रोग्राममध्ये अजून एक खोड राहिली आहे. मराठी आकडे टाकले, देवनागरी एक आणि देवनागरी दोन, तर स्ट्रटोलला ते आकडे वाटतच नाहीत, 'आकडा टाका' असं परत सांगतो. भावाला ते मुळीच पटलेलं नाही. बारा म्हणजे बारा, त्यात इंग्रजी-मराठी काय? भाचा सुट्टीत ते करून देणार आहे म्हणतो.

सीझन संपला, कलमांवर आता नवी पालवी आणि लाल मुंग्या. मांगरात लॅपटॉप नाही, तो घरी फडक्यात गुंडाळून ठेवलाय. पण शेवटच्या टेम्पोच्या दिवशी हिशेब त्यावरच झाला. चौथ्या बागायतदाराचं नाव टाकायच्या वेळी बाहेर कोणीतरी हाक मारली, भाऊ मागे वळला आणि त्याच्या हातून नुसतंच एंटर दाबलं गेलं. प्रोग्रामने खालच्या ओळीवर पुन्हा 'नाव टाका' लिहिलं आणि वाट बघत थांबला. भाऊ परत वळला, पडद्याकडे बघितलं, म्हणाला, "ह्येका आता कळाक लागला."

आपली,
एक निवृत्त रोखपाल, ता. देवगड
(नाव कृपया छापू नये. भाच्याची अजून चार सेमिस्टर बाकी आहेत.)